खेळाची भाकरी आणि शाळेचा दाखला

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात हुडकेश्वर येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



मागच्या पालक सभेत एका गृहस्थांनी मला सर्वांदेखत एक प्रश्न विचारला. ते ऑटो चालवितात. त्यांचा मुलगा नववीत आहे आणि कबड्डीत शाळेचा पहिल्या नंबरचा चढाईपटू आहे. ते उभे राहून म्हणाले, "सरजी, एवढेच सांगा, खेळून घर चालते काय? चालत असेल तर मी त्याची ट्यूशन बंद करतो आणि त्याला मैदानावर सोडतो. चालत नसेल तर त्याचे मैदान बंद करतो. दोन्हीचा खर्च मला झेपत नाही."

सभेत थोडा हशा झाला. मीही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. एका कष्टकरी बापाने हिशेब मागितला होता आणि शिक्षकाने त्याला हिशेब द्यावयास हवा होता. तो हिशेब आज आपणा सर्वांसमोर मांडावा, म्हणून मी उभा आहे.

आपल्या विदर्भाला कबड्डी नवी नाही. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली आणि त्यांत कबड्डीही होती. आपल्या हुडकेश्वरचे म्हणाल, तर जेथे पूर्वी शेते होती तेथे आता ले-आउट पडले आहेत. मोठे मैदान जवळ नाही. तरी एखादा रिकामा प्लॉट दिसला की मुले खडे वेचतात, चुन्याने रेघा ओढतात आणि खेळ सुरू होतो. ह्या खेळाला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. म्हणूनच तो गरिबाच्या मुलाचा खेळ राहिला.

परंतु २०१४ साली एक मोठा बदल झाला. प्रो कबड्डी लीग सुरू झाली. ज्या खेळात जिंकल्यावर ढाल आणि फार तर रोख बक्षीस मिळे, त्या खेळात खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. पहिल्या वर्षी सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांच्यावर लागली. ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ साली बोली एक कोटीच्या पुढे गेली. २०२३ साली पवन सेहरावत यांना तेलुगु टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. २०१७ साली तर ह्या लीगचे सामने आपल्या नागपुरात, मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाले, कारण बंगळुरूच्या संघाने त्या वर्षी घरचे सामने येथे खेळले. आपल्यापैकी काही जणांनी ते पाहिलेही असतील.

आता ज्याचे नाव आमच्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या तोंडी असते, त्याच्याविषयी सांगतो. अस्लम इनामदार. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, श्रीरामपूर तालुक्यातले टाकळीभान हे त्याचे गाव. लहान वयात वडिलांचे छत्र हरपले. आईने मोलमजुरी करून घर सांभाळले. असा हा मुलगा नवोदित खेळाडू म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला आणि पुढे त्याच संघाचा कर्णधार झाला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असे हरविले. त्या सुवर्णपदक विजेत्या संघात अस्लम होता. पुढे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रथमच प्रो कबड्डीचे अजिंक्यपद मिळविले. त्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा बहुमानही त्यालाच मिळाला.

हे ऐकून आपल्या मनात अभिमान दाटून येतो आणि तो यावाच. आपल्यासारख्याच घरातला, आपल्याच भाषेत बोलणारा एक मुलगा देशाची जर्सी घालतो. त्याचे नाव वर्गात घेतले की मागच्या बाकावरची मुलेही ताठ बसतात, हे मी पाहिले आहे. परंतु पालकहो, अभिमान ही एक गोष्ट आणि हिशेब ही दुसरी. आता हिशेबाकडे वळू.

प्रो कबड्डीत संघ बारा आहेत. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू ठेवता येतात. बारा गुणिले पंचवीस म्हणजे तीनशे. संपूर्ण हिंदुस्थानात, आणि त्यात इराणसारख्या देशांतून येणारे खेळाडू धरून, ह्या नोकरीच्या जागा फार तर तीनशे आहेत. २०२४ च्या लिलावात सर्वांत वरच्या गटातील खेळाडूची पायाभूत किंमत ३० लाख रुपये होती, तर सर्वांत खालच्या गटातील ९ लाख. वर्तमानपत्रात येतात ते कोटींचे आकडे मोजक्या मंडळींचे असतात. नऊ लाख ही रक्कमही लहान नाही, हे मला मान्य आहे. पण ती एका हंगामाची आहे. पुढच्या हंगामात घेतले तर पुन्हा मिळेल, न घेतले तर हाती काही नाही. शिक्षकाला किंवा कारकुनाला जशी दर महिन्याला ठरावीक तारखेची खात्री असते, तशी येथे नसते.

दुसरा हिशेब शरीराचा. चढाई करणारा गडी एकटा समोरच्या सातांच्या अंगणात जातो. त्याला तीस सेकंद असतात. तेवढ्यात कोणी घोटा धरतो, कोणी मांडीला मिठी घालतो, कोणी खांदा लावून रेषेबाहेर लोटतो. ह्या सगळ्याचा भार येतो तो गुडघ्यावर. ज्या पवन सेहरावत यांचे नाव मी आताच घेतले, त्यांना २०२२ साली तमिळ थलैवाज संघाने २ कोटी २६ लाखांना घेतले होते. त्या हंगामातील पहिल्याच सामन्यात त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्यांचा संपूर्ण हंगाम तेथेच संपला. आपला अस्लमही २०२४ च्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने मैदानाबाहेर गेला. तो परत आला. २०२५ साली त्याने पलटणला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ते २८-३१ असे हरले, केवळ तीन गुणांनी. त्याच्या जिद्दीला सलाम. पण मोठ्या खेळाडूमागे वैद्य असतात, व्यायाम करवून घेणारे असतात, संघाचे नाव असते. रिकाम्या प्लॉटवर खेळणाऱ्या मुलाचा गुडघा गेला, तर त्याच्यामागे कोण आहे? त्याचे आई-बाप, आणि शाळेचा दाखला असेल तर तो दाखला.

येथे मला तुम्हांला जरा दूर, इंग्लंडमध्ये घेऊन जावयाचे आहे. तेथे रग्बी लीग नावाचा खेळ आहे. प्रत्येक बाजूला तेरा गडी. चेंडू हातात घेऊन पळावयाचे आणि समोरच्यांनी कमरेला, पायांना मिठी मारून त्याला खाली पाडावयाचे. आपल्या कबड्डीतील पकड तुम्हांला ठाऊक आहेच, तसाच तो धसमुसळा खेळ. पण त्याच्या जन्माची कथा खेळाची नाही, मजुरीची आहे.

त्या काळी उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी खेळणारे पुष्कळ जण कापडाच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणारे होते. शनिवारी सामना असला की कामावर खाडा पडे आणि मजुरी बुडे. त्यांचे क्लब म्हणू लागले की, बुडालेली मजुरी तरी खेळाडूला भरून द्या. रग्बीची मध्यवर्ती संघटना मात्र ज्यांना पोटाची भ्रांत नव्हती अशांच्या हाती होती. त्यांचे म्हणणे असे की, खेळ हौसेसाठी खेळावा, पैसा घेतला की खेळ बाटला. १८९३ साली मजुरी भरून देण्याची सूचना फेटाळली गेली. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड ह्या गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. बुडालेल्या दिवसापोटी सहा शिलिंगपर्यंत देण्याची मुभा ठेवली. त्याच संघटनेतून पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ घडला.

मला ह्या कथेतील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १८९८ साली त्या संघटनेने खेळाडूला उघडपणे पैसे देण्यास परवानगी दिली. पण त्याबरोबर एक अट घातली. पैसे घेऊन खेळणाऱ्याजवळ खेळाखेरीज दुसरे खरे काम असलेच पाहिजे. काम नसेल त्याला मैदानावर उतरता येत नसे. पुढे ती अट गेली. आज इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील वरच्या दर्जाचे खेळाडू पूर्णवेळ खेळावर जगतात. त्या अटीमुळे काही खेळाडूंची अडचणही झाली असेल. तरी मला वाटते, त्या जुन्या नियमात एक शहाणपण होते. खेळाची भाकरी गोड आहे, पण ती एकाच तव्यावर भाजू नये.

आपल्याकडेही फार वर्षे हेच चालत आले. महाराष्ट्रातील कबड्डीपटू खेळाच्या बळावर रेल्वेत, बँकांत, पोलीस दलात, मोठमोठ्या कंपन्यांत नोकरीला लागले. सकाळ-संध्याकाळ सराव, मधल्या वेळेत काम, आणि खेळ सुटल्यावरही पगार चालू. लीगच्या झगमगाटात हा रस्ता आपल्या डोळ्यांआड गेला आहे, पण तो बंद झालेला नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. तीनशे जागांच्या लिलावापेक्षा हा दरवाजा पुष्कळ रुंद आहे.

मात्र ह्या दरवाज्यावर एक पाटी आहे, ती नीट वाचली पाहिजे. आरक्षण खेळाडूला आहे, पण त्या पदाला लागणारे शिक्षण माफ नाही. पोलीस शिपाई व्हावयाचे तर बारावी उत्तीर्ण हवे. कारकून व्हावयाचे तर पदवी हवी. स्पर्धेचे प्रमाणपत्र एका हातात आणि शाळेचा दाखला दुसऱ्या हातात, असे दोन्ही हात भरलेले असतील तरच आत जाता येते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ते मला माझ्याच एका विद्यार्थ्याने शिकविले. त्याचे नाव सांगत नाही.

मी नोकरीस नवा होतो. हा मुलगा उंच, सडपातळ, पायांत वाऱ्यासारखी चपळाई. नववीतच तो आसपासच्या गावांत प्रसिद्ध झाला. गावोगाव रोख बक्षिसांचे सामने होतात, तेथे मंडळे त्याला बोलावून नेऊ लागली. कधी पाचशे, कधी हजार रुपये हातावर ठेवीत. तो ते पैसे नेऊन अम्मीला देई. मला त्याचे कौतुक वाटे. त्याची हजेरी कमी पडू लागली. मी दुर्लक्ष केले. वर्गात मी त्याची ओळख "आपला चॅम्पियन" अशी करून देत असे. गणिताच्या सरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितले की, हा मुलगा दहावीला बसेल तेव्हा अडचण होईल. मी म्हणालो, "होईल हो सगळे ठीक."

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. मैदानावर मॅट नव्हती, डॉक्टर नव्हता. ज्या मंडळाने त्याला नेले होते, त्याने घरी सोडून दिले आणि पुढे कोणी फिरकले नाही. महिनाभर तो लंगडत होता. मार्चमध्ये परीक्षेस बसला आणि तीन विषयांत नापास झाला. पुन्हा बसला नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी गुडघा बराच सुधारला, तेव्हा पोलीस भरती निघाली. तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझ्याकडे विभागीय स्पर्धेचे सर्टिफिकेट आहे. चालेल ना?" मी अर्ज वाचला. बारावीच्या रकान्याजवळ माझे बोट थांबले. त्यानेही ते पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आज तो बाजारात हमाली करतो. हलाल कष्टाची कमाई आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण पोती उचलताना तोच गुडघा दुखतो. गेल्या जूनमध्ये तो आपल्या भाच्याला घेऊन शाळेत प्रवेशासाठी आला होता. जाताना म्हणाला, "सर, हाही चांगला खेळतो. पण ह्याची हजेरी तुम्ही स्वतः बघा." त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

म्हणून पालकहो, त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देतो. खेळून घर चालते काय? काहींचे चालते, थोडी वर्षे चालते, आणि ज्याच्याजवळ दाखला आहे त्याचे खेळ संपल्यावरही चालते. मैदान बंद करू नका. जो मुलगा रोज दोन तास घाम गाळतो, वेळेवर झोपतो, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो, तो बिघडत नाही. नाक्यावर उभे राहण्यापेक्षा मैदान शतपटीने बरे. आणि शाळाही बंद करू नका. दोन्हीचा खर्च झेपत नाही असे जे वाटते, त्याबाबत संस्थेकडे या, शिक्षकांकडे या. पालकाने तोंड उघडले तर शिकवणीची सोय शाळेतच करता येते. ह्या वर्षीपासून खेळणाऱ्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक तास मी स्वतः बसणार आहे. त्याची फी नाही.

आणखी चार साध्या गोष्टी सांगतो. मुलाला कोणी बाहेरगावी खेळावयास नेत असेल, तर कोण नेतो, कोठे नेतो, दुखापत झाल्यास खर्च कोण करील, हे आधी विचारा. विचारण्यात संकोच कसला? लग्न ठरविताना आपण किती चौकशी करतो! दुसरे, कोणत्याही करारावर किंवा कागदावर न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर शिक्षकाकडून वाचून घ्या. तिसरे, प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवा आणि ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे काय ते पाहा, कारण नोकरीच्या वेळी साध्या बक्षिसाच्या सामन्याचा कागद कामास येत नाही. चौथे, गुडघा दुखत असेल तर मालीश करणाऱ्यावर विसंबून राहू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

एक शब्द मुलींबद्दल. ज्या दिवशी हांगझोऊ येथे आपल्या पुरुष संघाने सुवर्णपदक घेतले, त्याच दिवशी आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे, केवळ एका गुणाने हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक होते. त्या संघात आपल्या महाराष्ट्राची स्नेहल शिंदे होती. मुलींसाठी २०१६ साली पुरुषांच्या लीगबरोबर तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, पण ती पुढे चालली नाही. म्हणजे लिलावाचा रस्ता मुलींना जवळजवळ नाहीच. नोकरीचा रस्ता मात्र आहे, आणि तो शिक्षणातून जातो. ज्या घरात मुलगी खेळते, त्या घराने तर तिच्या शिक्षणाला दुप्पट जपावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी बोलतो. चढाईला जाणारा गडी कितीही शूर असला तरी एक गोष्ट विसरत नाही. मध्यरेषा कोठे आहे, हे त्याला पाठ फिरवूनही माहीत असते. गुण मिळविण्यासाठी पुढे जावेच लागते, पण परत येण्याची रेषा डोळ्यांआड झाली की गडी बाद झालाच म्हणून समजा. तुमची मध्यरेषा म्हणजे तुमची शाळा. खूप पुढे जा. अस्लमसारखे जा, स्नेहलसारखे जा. पण परत येण्याची वाट मोकळी ठेवा.

आणि त्या ऑटो चालविणाऱ्या भावाला, ते आज येथे बसले आहेत, माझी विनंती आहे की, उद्यापासून मुलाला संध्याकाळी मैदानावर पाठवा आणि त्यापूर्वी एक तास माझ्याकडे पाठवा. एका मुलाच्या बाबतीत मी चुकलो. दुसऱ्याच्या बाबतीत चुकण्याची मला इच्छा नाही.